कंपनी तोडायची तर सांधा कुठे?

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचे सरकारने तुकडे करावेत का, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

२००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले. वीजकेंद्रं एका कंपनीकडे, वाहिन्या दुसरीकडे, मीटर तिसरीकडे. एवढं अवाढव्य मंडळ तोडता आलं, तर गूगल का तोडता येऊ नये?
*निवृत्त अभियंता, कोराडी रोड*

तोडता येतं. मात्र मंडळाला सांधे आयते होते आणि गूगलमध्ये ते काही ठिकाणीच आहेत.

६ जून २००५ रोजी मंडळातून महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी अशा चार कंपन्या निघाल्या. कोराडी-खापरखेड्यात वीज तयार होते, अतिउच्चदाब वाहिनीने जाते, उपकेंद्रात उतरते. प्रत्येक टप्प्याच्या हद्दीवर मीटर बसतं, म्हणून प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा निघतो. शिवाय २००३ च्या वीज कायद्याने राज्याच्या पारेषण कंपनीला विजेच्या व्यापाराची मनाई केली. ज्याच्या हाती रस्ता आहे त्याने त्या रस्त्यावर स्वतःचा माल विकायचा नाही, हे त्यातलं खरं तत्त्व. तुकडे किती झाले याला त्यापुढे फारसं महत्त्व नाही.

ज्या टप्प्यावर हे तत्त्व पाळलं गेलं नाही, तिथे काय झालं तेही तुम्ही पाहिलंच आहे. शेवटची तार आणि विजेची विक्री, दोन्ही महावितरणकडेच राहिली. बुटीबोरीतल्या एक मेगावॉटच्या वरच्या कारखान्याला बाहेरून वीज घ्यायची मुभा मिळाली, पण नागपूरच्या महाल भागातल्या घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडता आला नाही.

हीच फूटपट्टी गूगलला लावू. सगळ्यात स्वच्छ सांधा जाहिरातींच्या यंत्रणेत आहे. तुम्ही मराठी बातम्यांचं एखादं संकेतस्थळ उघडता, तेव्हा पान दिसायच्या आधी, सेकंदाच्या काही भागात, रिकाम्या जागेचा लिलाव होतो. त्यात तीन यंत्रं चालतात: प्रकाशकाच्या बाजूने जागा सांभाळणारा जाहिरात सर्व्हर, मधला लिलाव-बाजार आणि जाहिरातदाराच्या बाजूने बोली लावणारं साधन. तिन्ही ठिकाणी गूगल बसलेली आहे. विकणाऱ्याचा दलालही तीच, घेणाऱ्याचा दलालही तीच आणि बाजारही तिचाच. मधल्या बाजाराचं शुल्क बरीच वर्षं सुमारे २० टक्के राहिलं. स्पर्धा असती तर ते घसरायला हवं होतं. १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेत न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी सर्व्हर आणि बाजार या दोन्हींत बेकायदा मक्तेदारी असल्याचा आणि दोन्ही एकमेकांना बांधून विकल्याचा निकाल दिला. लिलाव-बाजार विकायला लावा, ही सरकारची मागणी होती. आमच्या मते ती बरोबर आहे. हा टप्पा मोजता येतो, त्याचं शुल्क वेगळं निघतं आणि तो घेऊन चालवणारा दुसरा कोणी मिळू शकतो.

शोधयंत्राचं तसं नाही. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधातही गूगल बेकायदा मक्तेदार ठरवली. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून बसलेलं असावं यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटले होते. सरकारने क्रोम हा गूगलचा ब्राउझर विकायला लावण्याची मागणी केली. २ सप्टेंबर २०२५ च्या आदेशात मेहतांनी ती नाकारली, एकाधिकाराचे करार बंद केले आणि पात्र स्पर्धकांना शोधाच्या विदेचा (डेटाचा) काही भाग देण्याचा हुकूम दिला. क्रोम नाकारण्याला तांत्रिक बाजूही आहे. क्रोमचे कोड लिहिणारे लोक, सर्व्हर, सुरक्षेची रोजची दुरुस्ती आणि पैसा हे सगळं गूगलच्या पोटात गुंफलेलं आहे. वेगळा केलेला ब्राउझर पगार कशातून देणार? शोधयंत्राकडून पैसे घेऊन. म्हणजे तोडल्यानंतर तो पुन्हा गूगलच्याच दारात उभा.

तुकडे परत जुळतात हाही धोका आहे. अमेरिकेची टेलिफोन कंपनी ‘एटी अँड टी’ १ जानेवारी १९८४ रोजी फुटली आणि सात प्रादेशिक कंपन्या वेगळ्या झाल्या. त्यांनी दूरध्वनीच्या लांब पल्ल्याच्या कोणत्याही कंपनीला सारखीच जोडणी द्यायची, असं बंधन होतं आणि लांब पल्ल्याचे दर उतरले ते त्यामुळे. पण २००५ मध्ये त्या सातांपैकीच एकीने मूळ कंपनी विकत घेतली आणि तिचं नावही लावलं. त्यामुळे तोडण्याच्या आदेशात जोडणीचा नियम आणि पुन्हा एकत्र येण्यावरची बंदी, दोन्ही लिहिलेली हवीत.

आपल्याकडे कंपनी तोडण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि कंपनी अमेरिकेतली असेल तर दिल्लीचा आदेश चालतो का?
*कायद्याची विद्यार्थिनी, अमरावती रोड*

अधिकार भारतीय स्पर्धा आयोगाला आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम २८ वाचा. वर्चस्व असलेल्या उद्योगाने त्या वर्चस्वाचा गैरवापर करू नये म्हणून त्याच्या विभाजनाचा लेखी आदेश आयोग देऊ शकतो. मालमत्ता, हक्क आणि देणी दुसऱ्याकडे सोपवणं, करार बदलणं, शेअर रद्द करणं किंवा नव्याने देणं, नवी कंपनी काढणं, हे सगळं त्यात येतं. मूळ कायद्यात हा अधिकार आयोगाच्या शिफारशीवर केंद्र सरकारला होता. २००७ च्या दुरुस्तीने तो थेट आयोगाकडे आला. आजवर तो एकदाही वापरलेला नाही.

परीक्षेत इथे एक चूक नेहमी होते. १९६९ च्या जुन्या मक्तेदारी कायद्याची नजर आकारावर होती, २० कोटींच्या मालमत्तेपासून कंपनी त्याच्या कक्षेत यायची. २००२ च्या कायद्यात मोठं असणं गुन्हा नाही, कलम ४ खाली गैरवापर गुन्हा आहे. त्यामुळे ‘फार मोठी झाली म्हणून तोडा’ ही मागणी आयोगापुढे टिकणार नाही. आधी संबंधित बाजारपेठ ठरवायची, मग वर्चस्व, मग गैरवापर, आणि मग साध्या आदेशाने तो थांबत का नाही हे दाखवायचं. या शेवटच्या पायरीवर बहुतेक युक्तिवाद कोसळतात.

परदेशी कंपनीबद्दल कलम ३२ आहे. कृती बाहेर झाली, पण परिणाम भारतीय बाजारात झाला तर आयोगाला अधिकार मिळतो. गूगलला अँड्रॉइड प्रकरणी २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटींचा दंड झाला तो असाच. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि आयोगाच्या दहा निर्देशांपैकी चार रद्द केले. उरलेल्यांचा परिणाम दिसला: भारतात फोन बनवणाऱ्यांना गूगलची ॲप्स सुटी घेण्याची आणि वापरणाऱ्याला शोधयंत्र निवडण्याची सोय आली. कॅलिफोर्नियातली कंपनी मात्र दिल्लीहून चिरता येत नाही. इथली उपकंपनी, इथले करार आणि इथला व्यवसाय एवढाच भाग वेगळा करता येईल. ज्या सेवेचा सर्व्हर, कोड आणि ट्रेडमार्क परदेशात आहे, तिच्या भारतीय तुकड्याच्या हाती फार काही उरत नाही. म्हणून आपल्याकडे तोडण्याआधी वागणुकीचे नियम घालणं जास्त फळाला येईल, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तसा मसुदा तयार आहे. डिजिटल स्पर्धा कायद्याच्या समितीने मार्च २०२४ मध्ये विधेयकाचा आराखडा दिला. भारतातली उलाढाल ४,००० कोटी रुपये किंवा जागतिक बाजारमूल्य ७५ अब्ज डॉलर, अशा आर्थिक कसोट्यांपैकी एक आणि सोबत एक कोटी ग्राहक किंवा दहा हजार व्यावसायिक वापरकर्ते, एवढं जुळलं की स्वतःच्या मालाला झुकतं माप देण्यावर आधीच बंदी. युरोपात असे नियम मार्च २०२४ पासून लागू आहेत आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांखाली ॲपलला ५० कोटी व फेसबुक-व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटाला २० कोटी युरो दंड झाला. आपला आराखडा कायदा व्हावा यासाठी व्यापारी संघटनांनी जोर लावायला हवा.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम मेटापासून वेगळे केले तर व्हॉट्सॲपला पैसे मोजावे लागतील का? आमचा भिशीचा गट, सोसायटीचा गट, सगळं त्यावरच आहे.
*गृहिणी, प्रताप नगर*

लगेच काही होणार नाही. ही दोन्ही ॲप्स मेटापासून वेगळी करावीत यासाठी अमेरिकी सरकारने भरलेला खटला १८ नोव्हेंबर २०२५ रोजी फेटाळला गेला. मेटाची आजच्या घडीला मक्तेदारी आहे हे सिद्ध झालं नाही, टिकटॉक आणि यूट्यूबही त्याच बाजारात आहेत, असं न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी म्हटलं.

खरी संधी २०१४ मध्ये गेली. तेव्हा १९ अब्ज डॉलरना व्हॉट्सॲप विकलं गेलं, पण व्हॉट्सॲपची भारतातली उलाढाल जवळपास शून्य होती आणि आपली तपासणीची मर्यादा उलाढाल-मालमत्तेवर होती, त्यामुळे हा सौदा आयोगापुढे आलाच नाही. ती फट १० सप्टेंबर २०२४ पासून बुजली. आता सौद्याची किंमत २,००० कोटींच्या वर असेल आणि विकत घेतल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय असेल, तर आधी परवानगी घ्यावी लागते. झालेलं लग्न मोडण्यापेक्षा होण्याआधी चौकशी केलेली बरी.

तुमच्या गटांसाठी उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. सगळी माणसं एकाच ॲपवर असतात म्हणून कोणी दुसरीकडे जात नाही. एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर निरोप जाऊ लागला की ही अडचण सुटते. युरोपातल्या नियमांनी व्हॉट्सॲपवर हेच बंधन घातलं आहे.

यूपीआयमध्ये कोणत्याही ॲपला तीस टक्क्यांची मर्यादा आहे म्हणतात. मग आमच्या दुकानात दोनच ॲप्स का चालतात? आणि मर्यादा लागली तर गिऱ्हाइकाचे पैसे अडकतील का?
*धान्य व्यापारी, इतवारी*

पैसे अडकणार नाहीत. पैसा बँकेच्या खात्यातून बँकेच्या खात्यात जातो, ॲप फक्त आदेश पोचवतं.

मर्यादा अशी: राष्ट्रीय देयक महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवलं की मागच्या तीन महिन्यांच्या एकूण व्यवहारसंख्येत एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये. २५ टक्के ओलांडले की इशारे सुरू होतात, ३० ओलांडले की नवे ग्राहक घेणं बंद. जुन्या ग्राहकाला हात लावायचा नाही. जे आधीच वर होते त्यांना २०२२ अखेरपर्यंत मुदत होती, ती २०२४ अखेर आणि मग ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढली. फोनपे आणि गूगल पे मिळून सुमारे चार पंचमांश व्यवहार सांभाळतात, त्यामुळे नियम उद्या लावला तर नव्या ग्राहकाला नेमक्या हव्या त्या ॲपवर नकार मिळेल.

मर्यादा कागदावर राहण्याचं कारण पैशात आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. व्यवहारावर कमाई नाही, म्हणून तिसरा कोणी पैसा ओतून या धंद्यात उतरत नाही. ज्यांच्याकडे कर्ज, विमा आणि जाहिराती विकायची ताकद आहे तेच टिकतात. हे गणित न बदलता नुसता टक्का ठरवला की मुदतवाढच मिळत राहणार.

तरीही यूपीआय मूळ घडणीतच मोकळी आहे हे विसरू नका. गल्ल्यावर लावलेला क्यूआर कोणत्याही कंपनीचा असला तरी कुठल्याही ॲपने वाचता येतो. तुम्ही एवढं करा: चालू खातं असलेल्या बँकेचा स्वतःचा क्यूआर मागून घ्या आणि तो शेजारी लावा. पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या ध्वनिपेटीचं मासिक भाडं दोन्हीकडे विचारा. कंपनीची सेवा एखाद्या दिवशी बंद पडली तर दुसऱ्या क्यूआरवर धंदा चालू राहतो, आणि भाड्याची घासाघीस करायला जागा मिळते.

आमचं वर्गणीवर चालणारं अभ्यासाचं ॲप आहे. गूगलच्या प्ले स्टोअरबाहेरून पैसे घेण्याची सोय वापरावी का?
*ॲप विकासक, परसोडी आयटी पार्कजवळ*

हिशेब करून पाहा. आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड करून बाहेरची बिलिंग रोखू नका असं सांगितलं (दंड मार्च २०२५ मध्ये अपिलात २१६.६९ कोटींवर आला). त्यानंतर आलेल्या पर्यायी बिलिंगमध्ये सेवाशुल्क चारच टक्क्यांनी कमी होतं. १०० रुपयांच्या वर्गणीवर १५ ऐवजी ११ गेले, त्यात तुमच्या पेमेंट गेटवेचे साधारण दोन जोडा. वाचले दोन रुपये, आणि परताव्याच्या तक्रारी तुमच्या अंगावर. दरमहा हजार वर्गणीदार असतील तर दोन हजारांत परताव्याचं काम सांभाळायला माणूस मिळत नाही.

आदेशाचा शब्द पाळून त्यातला अर्थ कसा काढून घेता येतो, त्याचा हा नमुना आहे. दुकान चालवणं आणि गल्ला सांभाळणं हे दोन धंदे वेगळे करावेत, ही मागणी यातूनच येते.

आमची सावजी खानावळ आहे. डिलिव्हरी ॲपचं कमिशन, सवलत, जाहिरात सगळं कापून हाती काय येतं ते समजतच नाही. दर वाढवला तर ‘खानावळीत पण तोच दर ठेवा’ म्हणतात. अशा कंपन्या फोडल्या तर आमचं भलं होईल का? तक्रार कुठं करावी, सांगा जी.
*खानावळचालक, सक्करदरा*

फोडण्याने तुमचा प्रश्न सुटेलच असं नाही. एका मोठ्या ॲपची दोन ॲप्स झाली, तरी दोघेही तीच अट घालू शकतात. उपयोग तेव्हा, जेव्हा यादीत दाखवणं आणि घरपोच नेणं वेगळं होईल: गिऱ्हाईक एका ॲपवर, डिलिव्हरीचं पोरगं हव्या त्या कंपनीचं. सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये उभं केलेलं ओएनडीसी हे ऑनलाइन व्यापाराचं खुलं जाळं याच विचाराने बांधलेलं आहे. त्यातली अडचणही आधीच सांगतो. रस्सा सांडला तर परतावा कोणी द्यायचा, यावर ग्राहकाचं ॲप, विक्रेत्याचं ॲप आणि वाहतूकदार एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यात उतरलात तर मटणाचा रस्सा झाकणाच्या डब्यात सीलबंद करून, पार्सल देतानाचा फोटो काढून ठेवा.

आता तुमचा हिशेब. समजा ४०० रुपयांची ऑर्डर, त्यात ६० रुपये सवलत तुमच्या खिशातून, कमिशन २५ टक्के. करारात एकच ओळ शोधा: कमिशन सवलतीआधीच्या रकमेवर आहे की नंतरच्या? आधीच्या रकमेवर असेल तर १००, नंतरच्या ३४० वर असेल तर ८५. रोज ४० ऑर्डर धरल्या तर हा फरक महिन्याला १८,००० रुपयांचा होतो. कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १०० वर १८. खानावळीला पाच टक्क्यांच्या करात इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे हे १८ रुपये निव्वळ खर्च. ४०० मधून ६०, १०० आणि १८ गेले, उरले २२२. जाहिरातीचा खर्च आणि पेमेंट शुल्क याच्याही खाली. हा तक्ता आठवड्याच्या पेआउट पत्रकाशी ताडून बघा. जेवणावरचा पाच टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ॲपच भरतं, तो तुम्ही पुन्हा भरत नाही ना हेही हिशेबनिसाला विचारा.

‘सगळीकडे तोच दर’ ही अट मात्र गंभीर आहे. झोमॅटो आणि स्विगी यांच्याविरुद्ध आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला, त्यात दराची ही अट होती आणि ठरावीक किचनांना वर दाखवण्याचा आरोपही होता. तुमचं ॲप कोणतंही असो, अट तोंडी सांगितली असेल तर लेखी मागा. ‘खानावळीत वेगळा दर ठेवला तर चालेल का?’ एवढाच ई-मेल पाठवा. उत्तर पुराव्याचं काम करतं, आणि उत्तर आलं नाही तर तुम्ही विचारल्याची तारीख राहते.

आयोगाकडे ‘माहिती’ कलम १९ खाली दाखल करायची. व्यक्तीला ५,००० रुपये शुल्क, दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या मालकी धंद्याला १०,०००. घटनेपासून तीन वर्षांच्या आत अर्ज हवा. सोबत करार, त्यात वेळोवेळी झालेले बदल, निदान सहा महिन्यांची पेआउट पत्रकं, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट जोडा. नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. ती अर्जासोबतच करा, कारण यादीतून खाली ढकललं जाण्याची तुमची भीती खरी आहे. एकट्याने जाण्यापेक्षा व्यापारी संघटनेमार्फत गेलात तर दहा-वीस खानावळींची पत्रकं एकत्र येतात आणि हे एका माणसाचं भांडण नाही हे पहिल्याच पानावर दिसतं.

आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर प्रकरण महासंचालकांकडे चौकशीला जातं, नाहीतर बंद होतं. बंद केल्यास ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणात जाता येतं. दंड झाला तरी तो सरकारजमा होतो. तुमची भरपाई वेगळी, न्यायाधिकरणाकडे कलम ५३-एन खाली मागावी लागते, तीही गैरवापर सिद्ध झाल्यावर. आणि पेआउटमध्ये नुसती बेरीज चुकली असेल तर आयोगाकडे जाऊ नका. त्यासाठी करारातलं लवादाचं कलम काढा आणि सुनावणीचं ठिकाण कोणतं लिहिलं आहे ते बघा. बहुतेक वेळा ते दुसऱ्या राज्यात असतं. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तिथे नागपूर लिहून घ्यायचा आग्रह धरा.